दि. बा. पाटील आणि सातबाऱ्याबाहेरची माणसं

(खारघर इथं युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आधी एक कबूल करतो. मी रात्रपाळी करून थेट इथं आलोय. बंदरात लॅशिंगचं काम करतो. म्हणजे बोटीच्या डेकवर एकावर एक रचलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळायचे, आणि बोट धक्क्याला लागली की तेच सोडायचे. सळी माणसापेक्षा लांब. तेव्हा डोळे लाल दिसले तर दारू समजू नका, झोप समजा. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता वाचणार नाही. आज एका वकिलाबद्दल बोलायचंय.

आपल्याकडं म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ज्याचं घर, शेत, अब्रू आधीच शाबूत होती अशा शहाण्यानंच ही म्हण काढली असणार. ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही त्याला पायरी चढावीच लागते. महाड आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि त्याच वर्षाच्या शेवटी सवर्णांनी दावा लावला. तळं कुणाचं, वहिवाट कुणाची, किती जुनी, यावर जवळजवळ दहा वर्षं कागद फिरले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. म्हणून वकील म्हटलं की आपल्या वस्तीत कुणी हसत नाही. आपल्या सगळ्यांचा बाप वकील होता.

आज ज्या वकिलाबद्दल बोलतोय ते दि. बा. पाटील. हा विषय काढला तेव्हा आपल्यातलाच एक कॉम्रेड म्हणाला, "ते आगऱ्यांचे पुढारी. त्यांचा पुतळा, त्यांची जयंती, त्यांचं विमानतळ. आपला काय संबंध?" त्याला उत्तर द्यायला मी उभा आहे. आणि दिबांच्या फोटोला हार घालून साडेबारा टक्क्याचा भूखंड बिल्डरला विकून आलेले जे आहेत, त्यांनाही एक प्रश्न विचारायला उभा आहे.

दिनकर बाळू पाटील. जन्म १३ जानेवारी १९२६, गाव जासई, तालुका उरण. आगरी शेतकऱ्याचं घर. त्या काळात आगऱ्याच्या पोरानं वकील होणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शिकले, काळा कोट घातला, पनवेलला वकिली केली. वकिलाला तेव्हा दोन वाटा मोकळ्या होत्या. एक जमीनदार-सावकाराच्या ओटीवर जाणारी. तिथं फी चांगली आणि चहा कपबशीतून. दुसरी कुळाच्या खळ्यावर जाणारी. दिबांनी दुसरी धरली. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेतला.

या जिल्ह्यात कुळाची बाजू घेणं ही काही हौस नव्हती. अलिबागजवळ चरी गावी नारायण नागू पाटलांनी शेतकऱ्यांचा संप केला तो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. जमिनी ओसाड ठेवल्या, उपास काढले, पण खोताचं शेत नांगरलं नाही. त्याच लढ्याला धरून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. त्या मोर्चात आगरी, कुणबी, महार एकत्र चालले. हे आगऱ्यांच्या पोरांनी विसरायचं नाही आणि आपणही विसरायचं नाही.

पुढं कुळकायदा झाला १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो मालक झाला असं कायद्यानं धरलं. त्याच वर्षी दिबा पनवेलमधून आमदार झाले. संयुक्त महाराष्ट्राची हवा होती. समितीत शेतकरी कामगार पक्ष होता, कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, आणि आपला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होता. म्हणजे दिबांच्या पहिल्या विजयात बौद्धवाड्यांचीही मतं आहेत. ते उपकार म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो.

दिबा पाच वेळा आमदार झाले. १९७७ आणि १९८४ साली खासदार झाले. विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. आणीबाणीत तुरुंगात गेले. २४ जून २०१३ ला वारले. एवढी वर्षं राजकारणात राहून ते जासईचे दिबाच राहिले, असं म्हातारी माणसं सांगतात. आजच्या पुढाऱ्याबद्दल असं सांगणारा म्हातारा शोधून दाखवा.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

१९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईला श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून खाडीपलीकडं नवी मुंबई बांधायची. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन. कायदा कुठला? १८९४ चा. इंग्रजानं केलेला. सार्वजनिक प्रयोजन म्हटलं की संपलं, सरकार ठरवेल तो भाव. इंग्रज गेला, त्याची पट्टी इथंच राहिली आणि त्याच पट्टीनं आमची भातशेती, मिठागरं, खाजणं मोजली गेली. आज आपण जिथं बसलोय ते खारघर त्यातलंच. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठपाडा ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली. तिकडं गोल्फचं मैदान आहे. तिथल्या गवताला पाणी मिळतं.

दिबा वकील होते, म्हणून त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. नुसतं "भाव वाढवा" एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. ते म्हणाले, आमच्या जमिनीवर तुम्ही शहर वसवणार, त्या शहराच्या जमिनीचा भाव दसपट-शंभरपट होणार. मग त्या वाढलेल्या जमिनीत आमचा वाटा कुठं? पैसे एकदा देऊन आम्हाला कायमचे मोकळे करू नका. विकसित झालेली जमीनच आम्हाला परत द्या.

मित्रहो, हे साधं वाटतं. पण तोवर देशात धरणं झाली, कारखाने झाले, आणि शेतकऱ्याला नोटा मोजून रस्त्यावर सोडलं गेलं. कोयनेची माणसं विचारा. जमीन घेणाऱ्याच्या नफ्यात जमीन देणाऱ्याचा वाटा, हा हक्क या मातीत रुजवला तो जासईच्या वकिलानं.

आणि तो अर्ज-विनंत्या करून मिळाला नाही. १९८४ च्या जानेवारीत वसंतदादा पाटलांचं सरकार होतं. जासईच्या दास्तान फाट्यावर हजारोंनी माणसं उतरली. बाया पुढं होत्या. १६ जानेवारीला गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी १७ तारखेला नवघरला झाला. रघुनाथ ठाकूर, नामदेव घरत, कमळाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. पाच माणसं पडली. नावं मुद्दाम घेतली. कारण आपल्यालाही आपल्या माणसांची नावं अशीच घ्यावी लागतात, आणि कुणी घेतली नाहीत की कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे.

माझे आजोबा त्या दिवशी जासईला होते. ज्याच्या शेतात ते राबायचे त्या पाटलानं हाक मारली, "चल रे, आपल्या जमिनीसाठी जायचंय." आजोबा गेले. "आपल्या" म्हणाला म्हणून गेले. गोळीबार झाला तसे खाजणातून, गुडघाभर चिखलातून रात्री घरी आले. आजी सांगते, "चिखल धुताना यांचे हात थरथरत व्हते. मी इचारलं, जमीन कुणाची? तं म्हणाले, आपली."

या एका शब्दासाठी मी आज बोलतोय.

त्या पाच जणांच्या रक्तातून साडेबारा टक्के योजना आली. १९९० नंतर ती प्रत्यक्षात उतरू लागली. ही योजना काय, ते पोरांनी पाटीवर गणित मांडून समजून घ्यावं. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा. हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे, साधारण साडेतीनशे चौरस मीटर. एकराला एवढं. ऐकायला थोडं, पण शहरातला रस्त्याकाठचा भूखंड. त्यावर चार मजले उभे राहिले. किती जणांनी ते स्वतः उभे केले आणि किती जणांनी कागदावर अंगठा देऊन गाडी घेतली, ते तुम्ही रोज बघता.

आता तेच गणित आमच्या घरचं मांडा. जमीन शून्य गुंठे. शून्याचे साडेबारा टक्के किती? पहिलीतलं पोरगंही सांगेल.

शून्य का? आम्ही आळशी म्हणून? कुळकायद्यात कूळ म्हणून नाव लागायला आधी कुणीतरी जमीन कसायला द्यावी लागते. आम्हाला दिली ती मजुरी. आमच्याकडं होतं वतन, म्हणजे गावाची आणि सरकारची अष्टौप्रहर चाकरी आणि तिच्या बदल्यात एखादा तुकडा, भाऊबंदांत वाटून वाटून रुमालाएवढा झालेला. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं खालसा झाली. ते बरंच झालं, बाबासाहेब १९२८ पासून तेच मागत होते. पण जमीन पुन्हा नावावर करायला सरकारात रक्कम भरायची होती. ज्याच्याजवळ होती त्यानं भरली. ज्याच्याजवळ नव्हती त्याच्याकडं फक्त गोष्ट उरली. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले. कसायला जमीन द्या, एवढीच मागणी. तो सत्याग्रह ज्या सरकारनं ऐकून न ऐकल्यासारखा केला, तेच सरकार सहा वर्षांनी ९५ गावांची जमीन घ्यायला निघालं.

आता खाडीकाठची शेती म्हणजे काय ते बघा. ही देशावरची शेती नाही. समुद्राला बांध घालून, खारं पाणी थोपवून, उघाड्या राखून केलेलं भात आहे हे. भरतीच्या रात्री बांधाला खांड पडली तर अख्ख्या गावाचं पीक खारं. मग चिखलाचे गोळे घेऊन कंबरभर पाण्यात कोण उतरायचं? लावणीला वाकून कोण? झोडणीला कोण? मिठागरात पायाला भेगा पडेस्तोवर कोण? शेतकरी राबत नव्हता असं मी म्हणत नाही. तोही राबत होता. पण त्याच्या राबण्याची नोंद सातबाऱ्यावर झाली आणि आमच्या राबण्याची नोंद फक्त आमच्या पायांवर झाली.

जमीन गेली तेव्हा आजी म्हणाली होती, "पोरा, त्यांची जमीन गेली, आपलं तं काम गेलं. जमिनीचे पैसे येतील. कामाचे पैसे कोण देल?"

सगळं खरं सांगायचं तर हेही सांगतो, की भूमिहीनांची, बलुतेदारांची, मिठागर कामगारांची आठवण सरकारला पुढं झाली. लहानशा तुकड्यापुरती झाली. आणि तीही ज्याच्याजवळ पुरावा त्याच्यापुरती. आजोबा एका ऑफिसात गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, सगळी ऑफिसं सारखीच. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तुम्ही शेतमजूर होता, ह्याचा पुरावा आणा." आजोबांनी हात पुढं केले. तो हसला. म्हणाला, "बाबा, हात नको, कागद."

शेतमजुराचं हजेरीबुक कुठं असतं, दोस्तांनो? कुठल्या पाटलानं महाराच्या मजुरीची पावती फाडली? आजोबा तीन खेपा गेले. चौथ्यांदा गेले नाहीत. त्या दिवशी जासईच्या रस्त्यावर "जमीन आपली" म्हणत उभा राहिलेला माणूस कागदावर त्या जमिनीचा कुणीच नव्हता.

आता मला सांगा, हा दोष दिबांचा का?

मी म्हणतो, नाय. आणि हेही म्हणतो की प्रश्न दिबांनाही विचारलाच पाहिजे. ज्याला मोठा मानायचा त्यालाच प्रश्न विचारायचे असतात, बाकीच्यांच्या नुसत्या आरत्या करायच्या असतात. दिबांनी कायद्याच्या हत्यारानं लढाई केली आणि कायद्याचं हत्यार सातबारा होता. १८९४ च्या कायद्याला मालक दिसायचा, जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे तो दिसायचा. मजूर दिसायचा नाही. दिबांनी त्या कायद्याकडून मिळेल तेवढं पिळून घेतलं. पण ज्या खिडकीतून त्यांनी हक्क ओढून बाहेर काढला, त्या खिडकीतून आम्ही दिसत नव्हतो. पक्षाच्या नावात शेतकरी होता आणि कामगारही होता. लढाईत शेतकरी पुढं राहिला, कामगार जोडाक्षरासारखा मागं लटकला.

आणखी एक. १९९९ साली दिबा शिवसेनेत गेले. कारणं कुणी काही सांगो. आपल्याला ते लागलं. वरळीचा १९७४ चा जानेवारी आपल्या घरांत अजून सांगितला जातो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं १९७८ साली केला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं आपली घरं जळली, माणसं मेली. त्या नावाला विरोध करणाऱ्यांत शिवसेना पुढं होती. लाल बावट्याखाली आयुष्य काढलेला माणूस उतारवयात तिथं जातो, तेव्हा त्या माणसाबरोबर एक पक्षही हरलेला असतो. पुढारी थकले, कार्यकर्ते भूखंडात गुंतले, आणि ज्या गावांनी लढा दिला त्याच गावांत दलालांची ऑफिसं उघडली. हे मी उणंदुणं काढायला सांगत नाही. आपल्या चळवळीचंही असंच झालंय, म्हणून सांगतो. आपले किती पुढारी कुठल्या कुठल्या ओट्यावर जाऊन बसले ते मोजायला हाताची बोटं पुरणार नाहीत.

आता विमानतळाच्या नावाकडं येतो. २०२१ साली दुसरं नाव पुढं आलं, शिवसेनाप्रमुखांचं. भूमिपुत्रांनी दिबांच्या नावाचा आग्रह धरला. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोवर माणसांचा समुद्र आला. मी त्यात होतो. आमच्या वस्तीतली आणखी पोरं होती. वस्तीत मला विचारलं, "तुला काय भेटणार रे?" मी म्हटलं, काय नाय. पण नावासाठी सोळा वर्षं मार खाल्लेली आपली जात, दुसरा कुणी आपल्या माणसाच्या नावासाठी रस्त्यावर आला तर आपण घरी बसायचं? नाव म्हणजे काय ते आपल्याइतकं कुणाला कळतं? २०२२ साली मंत्रिमंडळानं दिबांचं नाव मान्य केलं, विधिमंडळानं ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. २५ डिसेंबर. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली. त्या दिवशी मी पाळीवर होतो. डेकवरून मान वर करून बघितलं. दहा गावं उठवून, उलव्याची टेकडी कापून केलेल्या त्या धावपट्टीखाली कुणाकुणाचा घाम मुरलाय, याची नोंद कुठं आहे का, एवढाच विचार आला.

दोस्तांनो, कायदा हळूहळू का होईना सरकलाय. १ जानेवारी २०१४ ला नवा भूसंपादन कायदा लागू झाला. दिबा जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. त्यात "बाधित कुटुंब" म्हणजे कोण, हे सांगताना जमीन नसलेलं कुटुंबही धरलंय. शेतमजूर, कूळ, कारागीर, ज्याची रोजीरोटी संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जमिनीवर होती तो. म्हणजे १८९४ च्या कायद्याला जो दिसत नव्हता तो १२० वर्षांनी दिसायला लागला. पण आमची जमीन, म्हणजे ज्यावर आम्ही राबलो ती जमीन, आधीच गेलेली. नवा चष्मा आला तेव्हा बघायला शेत उरलं नव्हतं.

दुसरं उदाहरण ध्यानात घ्या. खाडीचा सातबारा नसतो. बंदर झालं, भराव पडले, कोळ्यांची मासेमारी गेली. भरपाई मागितली तर पहिला प्रश्न तोच, मालकीचा कागद दाखवा. उरण-पनवेलचे कोळी मागं हटले नाहीत. २०१५ साली पुण्याच्या हरित लवादानं आदेश दिला, १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्या. कशाबद्दल? जमिनीबद्दल नाही. रोजी बुडाली त्याबद्दल. मालकी नसतानाही राबण्याचा हक्क असतो, हे याच किनाऱ्यावर लवादाच्या तोंडून वदवून घेतलं गेलंय. कोळ्यांनी ते केलं. आपण का नाही?

कारण आपल्याजवळ पुरावा नाही. आणि पुरावा नसणं ही आपली जुनी गोष्ट नाही, आजची आहे. माझंच घ्या. मी ठेकेदाराकडं आहे. गेटपास ठराविक दिवसांचा. मधेच ठेकेदाराचं नाव बदलतं, माणूस तोच, काम तेच, मी पुन्हा नवा. पगाराची पावती मागितली की उद्या ये म्हणतात. १९६९ चा माथाडी कायदा या राज्यात आहे, हमालाच्या घामाची नोंद बोर्डात व्हावी म्हणूनच तो केलाय. पण त्या कायद्याच्या वहीत माझं नाव नाही. उद्या बोटीवर सळी डोक्यात पडली तर मी तिथं कामाला होतो हे माझ्या आईला सिद्ध करावं लागेल. आजोबांना विचारलं तेच तिलाही विचारतील. हात नको, कागद.

म्हणून त्या कॉम्रेडला माझं उत्तर असं. दिबांचा आणि आपला संबंध काय? संबंध हा, की त्यांनी दाखवून दिलं, कागदाची लढाई रस्त्यावर लढता येते आणि रस्त्याची लढाई कागदावर उतरवावी लागते. नुसता रस्ता धरला तर गोळ्या मिळतात. नुसता कागद धरला तर तारखा मिळतात. त्यांनी दोन्ही धरलं म्हणून साडेबारा टक्के मिळाले. ही रीत आपण त्यांच्याकडून घ्यायची. आणि जिथं ते थांबले तिथून पुढं जायचं. त्यांनी जमिनीचा हक्क मागितला. आपण श्रमाचा मागायचा.

आणि भूखंडवाल्या भावांना माझा प्रश्न हा. १९८४ साली माझ्या आजोबांना "आपली जमीन" म्हणून तुम्ही हाक मारली होती. आज आम्ही "आपलं काम" म्हणून हाक मारली तर तुम्ही येणार का? एक गोष्ट तर तुम्ही करूच शकता. माझा आजा तुमच्या शेतात राबत होता, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ते एका कागदावर लिहून सही करा. तुमचे पैसे जाणार नाहीत, भूखंड जाणार नाही. एक सही. दिबांना खरा हार घालायचा असेल तर तो हा.

आता काम सांगतो, मग बसतो.

इथून खिडकीतून खारघरचा डोंगर दिसतो. वर चाफेवाडी आहे, फणसवाडी आहे. आदिवासींची घरं. खाली इमारतींच्या मधे बौद्धवाडे आहेत, मिठागरवाल्यांची घरं आहेत. पुढच्या रविवारपासून दोघं-दोघं जण एकेका वस्तीत जायचं. फॉर्म नको, वही न्या. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. विचारा, कुणाच्या शेतात राबलात, कुठला बांध, कुठली उघाडी, मजुरी काय मिळायची, पैशात का भातात, जमीन गेली ते साल कुठलं, त्यानंतर काय केलंत. जुनी मतदारयादी, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, जे असेल त्याचा फोटो घ्या. खाली सही, नाहीतर अंगठा, आणि गावातल्या दोन साक्षीदारांची नावं. घाई करायची, कारण आपला पुरावा कपाटात नाही, म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि दर पावसाळ्यात त्यातला थोडा स्मशानात जातो. मग या वह्या घेऊन वकिलाकडं जायचं. आपल्यात आता वकील आहेत. फी द्यायला मी एक पाळी जास्त करीन, तुम्हीही करा. आणि वकिलानं कागद केले की ते घेऊन रस्त्यावर यायचं, जासईला आले होते तसं.

मी सुरुवात केलीय. काल पाळीवर जायच्या आधी वहीचं पहिलं पान लिहिलं. नाव आजीचं. वय अंदाजे ऐंशी. व्यवसाय, भातलावणी, कापणी, झोडणी, बांध. किती वर्षं, असं विचारलं तर म्हणाली, "लग्न होऊन आले तवापासून जमीन जाईस्तोवर." मी ते तसंच लिहिलं. सही येत नाही, अंगठा घेतला. शाई लागत नव्हती नीट, बोटावरच्या रेघा राबून झिजल्यात. तिसऱ्यांदा उमटला.

तेवढं पान माझ्या खिशात आहे. बाकीची तुम्ही भरा.

जय भीम.